नाल्यापलीकडची मतपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. पण निवडणुकीच्या दिवशी शाळेच्या खोलीत पोलिसांच्या पहाऱ्यात जी मतपेटी असायची, ती मी नव्हे. मी सरकारी नाही. माझ्यात पडलेल्या मतांनी आजवर कोणी निवडून आलं नाही की कोणी पडलंही नाही. तरीही माझ्यापुढे माणसं उन्हात रांग लावून उभी राहिली आहेत, आणि माझ्यापायी एका म्हाताऱ्या बाईला कोर्टाची पायरी चढावी लागली आहे. म्हणून माझी गोष्ट तुमच्या कानावर घालावीशी वाटते.

नागपुरात नंदनवन ओलांडून पूर्वेला गेलं की शहर हळूहळू विरळ होतं. तिथे एक नाला आहे. साऱ्या शहराचं काळं पाणी पोटात घेऊन तो वाहतो. महापालिकेची हद्द त्या नाल्याच्या अलीकडच्या काठावर संपते. पलीकडे बाभळीचं रान आहे आणि रानापुढून ग्रामपंचायतीची हद्द सुरू होते. या दोन हद्दींच्या मध्ये जी वस्ती आहे, तिचं नाव नवा मोहटोला.

जुना मोहटोला पारशिवनी तालुक्यात होता. तो धरणाच्या पाण्याखाली गेला आणि त्याची माणसं ट्रकात बसवून इथे आणून सोडली गेली. घरासाठी जागा मिळाल्या, पण हे गाव कोणाचं, हे ठरवायचं मात्र राहून गेलं. महापालिका म्हणायची, तुम्ही पंचायतीत. पंचायत म्हणायची, तुम्ही शहरात. दिल्लीचं आणि मुंबईचं सरकार निवडायला वस्तीतल्या लोकांना मत होतं. पण नळ कुठे बसवायचा, नाली कोणी उपसायची, दिवा कोणत्या खांबावर लावायचा, हे ज्याच्या हातात असतं तो नगरसेवक निवडायला मत नव्हतं. सरपंच निवडायलाही नव्हतं.

माझं लाकूड जुन्या मोहटोल्याच्या चावडीच्या दाराचं. पाणी चढण्याआधी देवाजी नावाच्या सुताराने ते दार बिजागऱ्यांसकट उचकटून ट्रकात टाकलं होतं. बायको म्हणाली, भांडीकुंडी राहिली मागे आणि दार कायले नेता?  पुढे कित्येक वर्षं ते दार त्याच्या घरामागे भिंतीला टेकून उभं होतं.

मग महापालिकेची एक निवडणूक आली. वस्तीतल्या बाया नाल्याअलीकडे शहरात कामाला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. ज्यांच्या घरी त्या भांडी घासायच्या, त्या घरातल्या प्रत्येकाच्या बोटाला शाई होती. मीराबाईने ते पाहिलं. मीराबाई म्हणजे वस्तीतली पांढऱ्या लुगड्यातली, ताठ कण्याची, तोंडाने फटकळ बाई. ती तरातरा देवाजीच्या अंगणात आली.

"देवाजी, पेटी बनव एक. पुढच्या बारीले आपूनही मत टाकू."

"आपलं मत मोजते कोण, बाई?"

"आपूनच मोजू. बाबासाहेबानं मत देलं होतं मले. ह्या हद्दीनं ते काढून नेलं. मी काय चूप बसू?"

देवाजीने दार आडवं केलं आणि करवत लावली. असा माझा जन्म झाला. चार बाजू, एक तळ, कडी-कोयंडा आणि झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी फट. त्याने मला रंधा मारला, तेल पाजलं, आणि समाजमंदिरातल्या फळीवर नेऊन ठेवलं.

पुढची निवडणूक आली तेव्हा खऱ्या मतदानाच्या आधीच्या रविवारी मला खाली उतरवण्यात आलं. नाल्याअलीकडच्या प्रभागात जे उमेदवार उभे होते, त्यांच्याच चिन्हांच्या चिठ्ठ्या वस्तीने केल्या. शाई कुठून आणणार? मीराबाईने वाटीत गेरू कालवला आणि प्रत्येकाच्या बोटाला टिळा लावला. म्हातारी माणसं नवी धोतरं नेसून आली. कोणी हसलं नाही. संध्याकाळी देवाजीने झाकण उघडलं, सर्वांसमोर मतं मोजली, आणि निकाल खडूने भिंतीवर लिहिला.

चार दिवसांनी खरं मतदान झालं. वस्तीने ज्याला निवडलं होतं, तोच माणूस खऱ्या निवडणुकीत निवडून आला.

आता यात जादू काही नव्हती. वस्तीतली माणसं नाल्याअलीकडे घराघरांत कामाला जात, भाज्या विकत, ऑटो चालवत. कोणाच्या ओसरीवर काय बोललं जातं, हे त्यांच्या कानावर पडत असे. पण एका पत्रकाराने ही बातमी छापली आणि मला नाव दिलं, "नाल्यापलीकडचा कौल". तेव्हापासून माझे चांगले दिवस सुरू झाले. निदान मला ते चांगले वाटले.

त्यानंतरच्या निवडणुकीला तर उमेदवारांच्या गाड्या चिखल तुडवत वस्तीत येऊ लागल्या. त्यांतला एक भैय्याजी. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. त्याने मला झेंडूचा हार घातला, माझ्याजवळ उभं राहून फोटो काढला, आणि समाजमंदिराच्या पायरीवरून सांगितलं, "मायबाप, तुमचा कौल माझ्या बाजूने पडला तर मी समजेन की माझा विजय झाला. आणि या वस्तीत नळ आल्याशिवाय मी फेटा बांधणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मागायला आपल्या दारी येतो, म्हणजे आपल्याजवळ देण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे, असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

त्या रविवारी मीराबाईची नवी सून पायल मत टाकायला आली. प्रशिकशी लग्न होऊन तिला थोडेच दिवस झाले होते. प्रशिक म्हणजे मीराबाईचा एकुलता मुलगा, ऑटो चालवायचा. पायलला नुकतीच अठरा वर्षं पुरी झाली होती, आणि आयुष्यातलं तिचं हे पहिलं मत. लग्नातली हिरवी साडी नेसून ती आली होती. चिठ्ठी फटीवर धरून ती थबकली.

"आई, हे खरं मत हाये का वं?"

मीराबाई म्हणाली, "तू खरी हायेस ना? मंग टाक."

तिने चिठ्ठी सोडली. ती माझ्या तळाशी पडताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

कौल भैय्याजीच्या बाजूने पडला आणि पुढे खरी निवडणूकही त्यानेच जिंकली. त्याची मिरवणूक वस्तीत आली. मला जीपच्या टपावर बांधून नाल्याच्या दोन्ही काठांवरून फिरवलं. माझ्या सांध्यासांध्यात गुलाल गेला. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा दिवस होता. आणि नेमका त्याच दिवसापासून आमचा उपयोग संपला, हे मला फार उशिरा कळलं.

महापालिकेची पाण्याची पाइपलाइन नाल्याअलीकडच्या शाळेपर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. वस्तीत होती एक विहीर. नाला तिच्यापासून लांब नव्हता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते पिवळट दिसायचं आणि त्याला वास यायचा. मीराबाई भैय्याजीच्या घरी गेली. एकदा, दोनदा, मग किती वेळा ते तिनेही मोजलं नाही. भैय्याजी तिला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा. एकदा तो अगदी कळवळून म्हणाला, "मीराबाई, मी खोटं नाही बोलत. माझा निधी हद्दीबाहेर एक इंचही लागत नाही. अधिकारी सही करत नाही. हद्द वाढवायचा प्रस्ताव मी वर धाडला आहे."

"मंग मत मागाले हद्दीबाहेर कसे आले होते जी?" मीराबाईने विचारलं.

 त्याने तिला आणखी चहा घ्यायला सांगितलं.

एका उन्हाळ्यात वस्तीत कावीळ पसरली. आधी लहान मुलांचे डोळे पिवळे झाले, मग मोठ्यांचे. दवाखान्याची माणसं आली, पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेली. टँकर शाळेपर्यंत येत असे. नाला ओलांडायचा हुकूम ड्रायव्हरला नव्हता. बाया घागरी घेऊन तिथे जात, तर अलीकडचे लोक म्हणत, हा आमच्या प्रभागाचा टँकर आहे.

पायलला तेव्हा सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट, हे वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती नुसतीच पडून राहिली, काही खाईना. तिसऱ्या दिवशी ती प्रशिकला भलत्याच नावाने हाक मारू लागली. तेव्हा त्याने तिला ऑटोत घातलं आणि धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. मी फळीवर होते. समाजमंदिराच्या उघड्या दारातून मी तो ऑटो जाताना पाहिला. मागच्या सीटवर मीराबाईच्या मांडीवर पायलचं डोकं होतं आणि तिची वेणी सुटून बाहेर लोंबत होती.

डॉक्टरांनी खूप धडपड केली, असं मीराबाई नंतर बायांना सांगत होती. पण आधी बाळ गेलं आणि मग पायल गेली.

भैय्याजी भेटायला आला. सतरंजीवर खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, असं मला वाटतं. मीराबाईने त्याला एवढंच विचारलं, "वर धाडलेला प्रस्ताव खाली कधी येते?" तो मान खाली घालून उठला.

पुन्हा निवडणूक आली. पुन्हा पत्रकारांचे फोन येऊ लागले, यंदा कौल कधी? समाजमंदिरात बैठक बसली. प्रशिक दारातच उभा होता. पायल गेल्यापासून तो फारसा बोलत नसे. बोलणं रंगात आलं असताना तो आत शिरला, मला फळीवरून ओढून जमिनीवर आपटलं आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"ह्या पेटीनं माणसं आणली, हार आणले, बँड आणला. पाणी आणलं का? काहून ठेवली हे अजून?"

देवाजी मध्ये पडला नाही. ज्याने मला घडवलं, त्यानेही मान फिरवली. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. प्रशिक म्हणत होता ते खरंच होतं.

मीराबाई उठली आणि माझ्याजवळ येऊन खाली बसली. "तोड," ती म्हणाली. "पण पायलनं जलमात एकच मत टाकलं. ते हिच्यातच टाकलं. तोडायची असन तर तोड."

प्रशिकचा हात वर होता तसाच राहिला. मग त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून रडला. पायल गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

त्या रविवारी वस्तीने मतं टाकली. रांग नेहमीसारखीच लागली.  संध्याकाळी पत्रकार मोबाईल धरून मोजणीची वाट पाहत राहिले. मीराबाईने मला कुलूप घातलं आणि सांगितलं, "या बारीले आमी नाही मोजत. ज्याचं काम हाये मोजायचं, तो मोजन."

खऱ्या मतदानाच्या दिवशी सकाळी देवाजीने आणि प्रशिकने मला दोन बाजूंनी उचललं. पुढे मीराबाई, मागे सारी वस्ती. नाल्यातल्या दगडांवरून पाय देत सगळे अलीकडे आले आणि शाळेतल्या मतदान केंद्रासमोर मला खाली ठेवलं. केंद्राच्या प्रमुख दिपाली नावाच्या शिक्षिका होत्या. त्या बाहेर आल्या.

मीराबाईने हात जोडले. "मॅडम, जयभीम. आमची मतं आणली. तुमच्या मतात मिसळून घ्या. आमी बेइमानी नाही केली, एकेका माणसाचं एकेकच हाये."

दिपालीबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "आजी, मला नाही हो घेता येत. तुमची नावं या यादीत नाहीत. मला तो अधिकारच नाही." मग त्यांनी शिपायाकडून पेलाभर पाणी मागवलं आणि मीराबाईच्या हातात दिलं. "उन्हातून आलात. पाणी तरी घ्या."

शाळेच्या नळाचं पाणी होतं ते. मीराबाईने पेला डोळ्यांसमोर धरला. पलीकडची भिंत त्यातून स्वच्छ दिसत होती.

"हेच मागून राहिलो आमी," ती म्हणाली, आणि न पिता तिने पेला परत केला.

तोपर्यंत रांगेतली माणसं कुरकुरू लागली होती. कोणीतरी ओरडलं, मतदान बंद पाडायला आले. पोलीस आले. लोकांना मागे ढकलताना एक म्हातारी पडली, तिला उचलायला प्रशिक वाकला, तर त्याच्या पाठीवर काठी बसली. क्षणात सगळा गोंधळ झाला. माझ्यावर कोणीतरी पडलं आणि माझं एक बिजागर तुटलं.

"कोणाची पेटी आहे ही?" फौजदाराने विचारलं.

कोणी बोलण्याआधी देवाजी पुढे झाला. "माही हाये. म्या बनवली." मागून मीराबाईचा आवाज आला, "आणि म्या बनवाले लावली."

दोघांवर आणि प्रशिकवर गुन्हा नोंदला गेला. मला ठाण्यात नेलं. माझ्याभोवती कापड गुंडाळलं, सुतळी बांधली आणि लाख वितळवून तिच्यावर सरकारी मोहोर उमटवली. मग ठाण्याच्या मालखान्यात, जप्त केलेल्या मोटारसायकली, काठ्या आणि दारूच्या कॅनांमध्ये मला ठेवलं. भैय्याजी पुन्हा निवडून आला, हे मला दोन शिपायांच्या बोलण्यातून कळलं.

खटला वर्षानुवर्षं चालला. मीराबाई तारखेला कोर्टात जायची आणि येताना ठाण्याच्या दारात उभी राहून विचारायची, "पेटी उघडली का जी?" सुरुवातीला शिपाई हसत. पुढे कोणी हसेना. दरम्यान देवाजी गेला. त्याच्या नावापुढे आरोपी मयत असं लिहिलं गेलं. जुन्या गावाची चावडी ट्रकातून वाचवून आणणारा तो माणूस शेवटी आरोपी म्हणून गेला.

अखेर कोर्टाने उरलेल्या दोघांना समज देऊन सोडलं. हुकूम झाला, पेटी मालकाला परत करावी आणि आतले कागद निरुपयोगी म्हणून नष्ट करावेत.

त्या दिवशी मीराबाई आणि प्रशिक ठाण्यात आले. मालखान्याचं काम कामिनी नावाच्या महिला हवालदाराकडे होतं. तिने मोहोर फोडली, झाकण उचललं. चिठ्ठ्या दमट होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. कामिनी म्हणाली, "आजी, जाळायच्या आधी हे किती आहेत, ते मले लिहावं लागते. बसा थोड्या."

ती व्हरांड्यात फरशीवर बसली आणि एकेक चिठ्ठी सोडवून मोजू लागली. मित्रांनो, मीराबाई ज्यासाठी आयुष्यभर झगडली, ते असं घडलं. सरकारने आमची मतं मोजली. कोणाला किती, हे कोणी विचारलं नाही. कामिनीने लिहिलं, "कागदाचे तुकडे, नग एकशे शहाण्णव."

मीराबाई शेजारी बसून पाहत होती. "एक कमी हाये," ती हळूच म्हणाली.

कामिनी गोंधळली. चिठ्ठ्या ओढून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. तेव्हा मीराबाईने तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे वं माय. तुही मोजणी बरोबर हाये. एक घरीच कमी हाये."

कामिनीने प्रशिककडे पाहिलं. प्रशिक अंगणातल्या चिंचेकडे पाहत होता. मग कामिनीने चिठ्ठ्या मागच्या अंगणात नेल्या. दमट होत्या, लवकर पेटल्या नाहीत. बराच वेळ नुसता धूर होत राहिला आणि मीराबाई पदर नाकाला लावून तो संपेपर्यंत उभी राहिली.

प्रशिकने मला ऑटोत घालून वस्तीत आणलं. मीराबाई आता फारशी उठत नाही. तुटलेल्या बिजागराच्या जागी तारेचा वेढा आहे. मी आता विहिरीजवळच्या खोपटात असते आणि माझ्यात ब्लिचिंग पावडरची पुडकी ठेवतात. रोज सकाळी कोणीतरी झाकण उघडतं, पावडर काढतं आणि पाण्यात टाकतं. तिच्या वासाने माझं लाकूड पांढरट पडत चाललं आहे. हद्द अजून वाढलेली नाही. मध्ये कित्येक वर्षं नाल्याअलीकडचीही निवडणूक लांबली होती. तेव्हा अलीकडची माणसं म्हणायची, आमचं गाऱ्हाणं ऐकायला कोणी निवडून आलेला माणूसच उरला नाही. ते ऐकून वस्तीत कोणी हसलं नाही. कोणी "बरं झालं" असंही म्हणालं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं लाकूड आता किती दिवसांचं! उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या बोटाला शाई लागेल. त्या दिवशी घरी परतताना एकदा भोवताली नजर टाका. तुमच्या रस्त्यावर राबणाऱ्या, तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या, तुमच्या शाळेपुढे ऑटो थांबवणाऱ्या माणसांच्या बोटांकडे पाहा. ज्या बोटाला शाई नसेल, त्या माणसाला विचारा, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबा. आमच्याकडे येऊन विचारणारे पुष्कळ होते. उत्तर ऐकायला थांबलेलं मी अजून कोणी पाहिलेलं नाही.